बावन्न फोन

"किती फोन आले, आक्का?"

अवधूतच्या खांद्यावरची पिशवी अजून उतरली नव्हती. जतकडच्या आपल्या गावाहून तो थेट इथं आला होता.

"आधी पाणी पी," आक्का म्हणाल्या.

"पाणी नंतर. किती आले तेवढं सांगा."

तासगावात बेदाणा साठवायची शीतगृहं आहेत. कुठल्या खोलीत कुणाच्या किती पेट्या पडल्यात, हे सांगणारा प्रोग्रॅम त्यांतल्या एकोणीस ठिकाणी चालतो आणि तो तयार होतो आक्कांच्या दोन खोल्यांत. आक्का म्हणजे तारामती भोकरे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाई. त्यांच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करत काम शिकायचं, असा शिरस्ता.

शेवटी परीक्षा एकच. आपला मोबाईल आक्कांच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि पंधरा दिवस गावी जायचं. आलेले फोन आक्का घेणार, वहीत लिहिणार. परत आलं की त्यांचं शिफारशीचं पत्र मिळायचं, नाहीतर मिळायचं नाही. कशावरून ठरतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

अवधूतला ते पत्र हवंच होतं. चार ऑनलाइन परीक्षांची चार प्रमाणपत्रं लॅमिनेट करून तो पुण्याच्या एका कंपनीत जाऊन आला होता. तिथल्या साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली, छान आहेत म्हणाले आणि विचारलं, "आक्कांचं पत्र कुठंय?" एक तारखेला पत्र घेऊन आलास तर नोकरी तुझी, नाहीतर दुसऱ्याची. आज वीस तारीख होती.

"बावन्न," आक्का म्हणाल्या.

अवधूतच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बावन्न! पंधरा दिवसांत! त्याला वाटलं होतं, फार तर तीस.

"कुणाकुणाचे?"

आक्कांनी वही पुढं सरकवली. तो उभ्याउभ्याच वाचू लागला. 'अवधूतदादा कधी येणार?' 'त्यांच्याशिवाय पेट्यांची यादी निघत नाही.' 'दादांनाच विचारावं लागेल.' पानंच्या पानं भरली होती आणि एकोणीसपैकी एकही शीतगृह सुटलेलं नव्हतं.

"बघितलं, आक्का? माझ्यावाचून पान हलत नाही."

"बघितलं की."

"मग… पत्र?"

आक्कांनी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

अवधूतला गेल्या वर्षीची नसीमा आठवली. त्याच्याआधी तिची उमेदवारी संपली होती. पंधरा दिवसांत तिला कुणी विचारलंही नाही, असं ऐकून त्याला वाईट वाटलं होतं. दया येऊन आक्कांनी तिला पत्र दिलं असणार, अशी त्याची पक्की खात्री होती.

"नसीमाचे खरंच किती आले होते?" त्यानं विचारलं.

"एकही नाही."

"आणि पत्र?"

"त्याच दिवशी दिलं."



त्यानं वहीकडे पुन्हा पाहिलं. मघाशी जे वाचून छाती फुगली होती, तेच आता वाचवेना. प्रोग्रॅममधली यादी त्याचीच करामत, पण ती काढायची युक्ती त्यानं कुणाला शिकवली नव्हती. मुद्दाम लपवली, असंही नाही. पण शिकवावीशी कधी वाटली नव्हती, हे मात्र खरं.

"लोकांना आपली गरज लागणं हा काय गुन्हा झाला का, आक्का?" त्याचा आवाज चढला.

तेवढ्यात ड्रॉवरमध्ये मोबाईल वाजला. आक्कांनी तो काढून त्याच्या हातात दिला. कवठ्याच्या शीतगृहातले बापू होते.

"अवधूतदादा, आलासा व्हय! यादी निघंना झालीया बघा. पंधरा दिस झालं, खडूनं दारावर लिवतोय!"

"थांबा बापू, मीच येतो."

हे वाक्य तीन वर्षं त्याच्या जिभेवर होतं आणि त्याला ते फार आवडायचं. तो दाराकडे वळलासुद्धा.

आक्का उठल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवली आणि कोपऱ्यात नेऊन ठेवली. मग परत जाग्यावर येऊन बसल्या.

अवधूत दारात उभा राहिला… एक पाय बुटात, एक बाहेर.

"बापू," तो शेवटी म्हणाला, "तुम्हीच करा. मी सांगतो तसं."

"मी? अवो, माझी बोटं बगा केवढाली! एक दाबाय जातो तर दोन दबत्यात."

"दबू द्या. पुसता येतं."

चाळीस मिनिटं लागली. बापूंनी दोनदा सगळं बंद केलं, एकदा भलत्याच शेतकऱ्याच्या पेट्यांची यादी काढली आणि तीनदा देवाचं नाव घेतलं. अवधूत घामाघूम झाला. त्या पायातला बूट त्यानं मध्येच कधीतरी काढून टाकला आणि खाली बसला.

"निघाली!" पलीकडून बापू एवढ्यांदा ओरडले की आक्कांनाही ऐकू आलं. "निघाली की ओ! थांबा, थांबा, आणि एकदा माझा मीच काढून बघतो!"

आणि फोन ठेवून दिला. आभार नाहीत, रामराम नाही, काही नाही.

अवधूतला हसू फुटलं. हसता हसता कुठंतरी टोचलंही.

आक्कांनी वहीतल्या बापूंच्या नावावर रेघ मारली.

"अठरा राहिली," त्या म्हणाल्या. "पत्र लिहून ठेवलंय. सही तेवढी बाकी आहे."

दहा दिवस, अठरा शीतगृहं. रोज दोन केली तर नऊ दिवस, एक हाताशी शिल्लक. अवधूत घटाघटा पाणी प्यायला, त्यानं पिशवी उचलली. दारात पुन्हा अडखळला.

"आक्का… बापू आता मला परत फोन करणार नाहीत."

"नाही करणार."

"असे एकोणीसच्या एकोणीस शिकले, तर माझी आठवण तरी कोण काढणार हो?"

आक्कांनी ड्रॉवर बंद केला.

"गेल्या रविवारी नसीमाचं लग्न झालं. झाडून सगळ्या शीतगृहांतली माणसं आली होती. मला बसायला जागा मिळाली नाही रे, उभ्यानं जेवले."