शास्त्रीबुवांचा पहिला पाट

राजाच्या पंगतीला सुरुवात होती, शेवट मात्र नव्हताच. धुंडिराजशास्त्र्यांचा दंडक होता: जागांची अदलाबदल शुभ असते किंवा अशुभ; एकाच प्रकारच्या दोन एकामागून एक केल्या तर मिळून मात्र शुभच. अशुभ करणाऱ्याला हद्दपारी. एकदा वाढपीण सगुणेनं त्यांना दुसऱ्या पाटावर बसवलं आणि त्यांच्या नेहमीच्या पहिल्या पाटावर राजाच्या जावयाला.

“अशुभ! हद्दपार करा हिला!” शास्त्रीबुवा कडाडले.

सगुणा म्हणाली, “सगळ्यांनी जोडीजोडीनं जागा बदला.” सगळे बदलले. “आता पहिले दोघे सोडून बाकीच्यांनी पुन्हा बदला.” तेही बदलले. “शास्त्रीबुवा, दोन्ही वेळा न संपणाऱ्या जोड्या. प्रकार एकच ना?”

पाट परत मिळाल्याच्या आनंदात शास्त्रीबुवांनी मान डोलावली.

“म्हणजे मिळून शुभ. पण मिळून बदललं कोण? बाकीचे दोनदा बदलून आपापल्या जागी परतले; बदललात तुम्ही दोघंच! मीही तेच केलं होतं.”



राजानं दचकून विचारलं, “मग इतकी वर्षं आम्ही हद्दपार कुणाला केलं?”