धाविक उठली नाही

माळांना अजून कुंपणं नव्हती, त्या काळची गोष्ट. एका गवताळ माळावर धाविक नावाची छोटी पक्षीण उघड्या जमिनीवरच अंडी उबवत बसली होती. एक दिवस गावची माणसं कुदळी आणि रोपं घेऊन आली. मुकादम म्हणाला, "माळ नुसता ओसाड पडलाय. इथं जंगल उभं करू."

खड्डे पडू लागले तसे ससे, सरडे पळाले. पळता पळता कोल्हा म्हणाला, "अगं, ऊठ! माणसांशी कोण भांडणार?"

"तू जा," धाविक म्हणाली. "माझी पिल्लं मोकळ्या माळावरच धावतात. दाट झाडीत ती जगायची नाहीत. माळावरचा तणमोर पक्षी असाच उठून गेला, तो पुन्हा कुठंच दिसला नाही."

एवढ्यात खड्डे खणणाऱ्यांतल्या ठकूबाईने तिथंच कुदळ उगारली. धाविकेने पंख पसरले आणि ती ओरडली, "ओसाड म्हणता ना? मग मी कोण आहे?"

ठकूबाई थबकली. पंखांखाली मातीच्याच रंगाची दोन अंडी होती. तिने कुदळ बाजूला टाकली.

"का गं थांबलीस?" मुकादम खेकसला.

ठकूबाई धाविकेशेजारी मांडी घालून बसली. "हिचं घर आहे इथं. खणायचंच असेल, तर आधी आम्हा दोघींना उठवा."