गुणाबाईचं अडलेलं अंडं

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात महिपती नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? बायकोनं "दुधाकडं बघा" म्हटलं, तर दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत हा बघतच उभा. नजर म्हणून हलली नाही.

माळावरची पोल्ट्री बंद पडली, तेव्हा मालकानं पिंजऱ्यातल्या कोंबड्या फुकट वाटून टाकल्या. लोकांनी रश्श्यासाठी नेल्या. महिपती पोचला तोवर एकच उरली होती. मानेवर पीस नाही, तुरा फिका, अंगात जीव बेताचा. मालक म्हणाला, "हिला सुखात ठेव बाबा." झालं! महिपतीनं तिला उपरण्यात गुंडाळून घरी आणली आणि नाव ठेवलं गुणाबाई.

गुणाबाईला पिंजऱ्यापलीकडचं जग ठाऊकच नव्हतं. अख्खं अंगण मोकळं, आणि ही आपली एका फरशीवर उभी. महिपतीला ती फार आवडली. सांगितल्याशिवाय जागचं न हलणारं घरात आणखी कुणीतरी आलं होतं.

त्याच सुमाराला सासूबाई मुक्कामाला आल्या. महिपती त्यांना मामी म्हणायचा. मामींनी कोंबडीला मागून पुढून न्याहाळलं.

"जावईबापू, ही अंडी देती, का नुसतीच हुबी ऱ्हाती?"

"देईल की, मामी."

"बाजाराच्या दिसापतूर एक चांगलं अंडं दिसलं तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर तिचा रस्सा करा."

महिपतीनं गुणाबाईला चटकन उचलून काखेत घेतलं.

दुसऱ्या दिवशी अंडं आलं. पण त्याला कवचच नाही! नुसती मऊ, लिबलिबीत पिशवी. ती ओंजळीत घेऊन महिपती जनावरांच्या डॉक्टरांकडं धावला. डॉक्टर म्हणाले, "पिंजऱ्यात अंडी घालून घालून हिच्या अंगातला चुना संपलाय. शिंपले कुटून घाल. कवच धरेल."

महिपतीनं नदीवरून शिंपले आणले, कुटले, आणि खळ लावून एकेक तुकडा त्या मऊ अंड्यावर चिकटवत बसला. अंडं फचकन फुटलं. खाली सांडलेले तुकडे गुणाबाईनं टिपून टाकले.

बायकोनं, म्हणजे हौसानं, कपाळावर हात मारला. "आवो, अंड्याला न्हवं, कोंबडीला खायला घालायचं! भाईर पायजे आसंल, तर पोटातनं द्याया लागतंय."

"असं व्हय? आता नाही विसरणार."

संध्याकाळी मामींची पाठ धरली. "जावईबापू, पाठीला जरा तेल द्या हो." महिपतीनं विचार केला. पाठ बाहेर आहे. म्हणजे पोटातनं द्यायला पाहिजे. त्यानं वाटीभर खोबरेल चहात ओतलं. मामींनी एकच मोठा घोट घेतला, पण तो त्यांना सकाळपर्यंत पुरला.

हौसा ओरडली, "आवो, तेल पाजायचं नसतं! पाठीवर घालायचं आन् खसाखसा चोळायचं!"

"असं व्हय? आता नाही विसरणार."

आणि खरंच नाही विसरला. सकाळी शिंपल्यांचा चुरा घेतला, गुणाबाईच्या पाठीवर घातला आणि खसाखसा चोळला. आजवर एक पाऊल न टाकलेली गुणाबाई थेट कौलावर जाऊन बसली. खाली उतरली ती अंग फुगवून कोपऱ्यात. दाणा टिपेना. कण्हायला लागली.

महिपती रडकुंडीला येऊन पुन्हा डॉक्टरांकडं गेला. डॉक्टर म्हणाले, "अंडं अडलंय. लक्षात ठेव, अंग फुगवून कोपऱ्यात बसली, खाईना, कण्हायला लागली, म्हणजे अंडं अडलंच. कोमट पाण्यात बसव, अंधार कर, शांतता ठेव. आणि अंडं आल्याशिवाय दार उघडू नको."

तो बाजाराचाच दिवस होता. हौसा रश्श्याचं खोबरं आणायला गेली होती. महिपतीनं न्हाणीघराच्या खिडकीला पोतं लावलं, पातेल्यात कोमट पाणी ओतलं आणि गुणाबाईला त्यात अलगद बसवलं. बाहेर येऊन बघतो तर काय! मामी गोधडी पांघरून, टम्म फुगून कोपऱ्यात बसलेल्या. न्याहारी तशीच पडलेली. आणि कण्हत होत्या.

"अरे देवा," महिपती म्हणाला, "यांचंही!"

त्यानं न्हाणीघरातच मोठ्या घंगाळात कोमट पाणी काढलं. "मामी, जरा बसून घ्या. मोकळं वाटेल."

"एकदाचं सुचलं म्हनायचं शानपन," म्हणत मामी लुगड्यासकट घंगाळात बसल्या. महिपतीनं दार ओढून बाहेरून कडी लावली.

"जावईबापू, कडी कशाला?"

"अंडं आल्याशिवाय उघडायची नाही, मामी."

"कुनाचं अंडं?"

"लाजू नका. आणि बोलूही नका. बोललं की उशीर होतो."

मामींनी अशी बोंब ठोकली की बाजारातून परतणारं सगळं गाव अंगणात गोळा झालं. महिपती दाराला पाठ लावून उभा. जो येईल त्याला "शूऽऽ" करायचा. हौसा खोबऱ्याची पिशवी घेऊन धापा टाकत आली, तिलाही "शूऽऽ".

एवढ्यात आतून आवाज आला, "कॉक्‌ कॉक्‌ कॉक्‌ कॉकॅऽऽ!" मागोमाग मामींची किंकाळी.

महिपतीनं कडी काढली. मामी घंगाळात निथळत बसलेल्या. पाण्याला कंटाळून गुणाबाई पातेल्यातून उडून त्यांच्या मांडीवर येऊन बसलेली. आणि मामींच्या ओल्या ओच्यात एक अंडं. पांढरं, टणक, धडधाकट!

महिपतीनं ते उंच धरलं. "लोकहो, मोकळ्या झाल्या! मामींनी अंडं घातलं!"

गाव लोटपोट हसायला लागलं. एका म्हाताऱ्यानं पुढं होऊन विचारलं, "पहिलंच का?"

मामी ताडकन उठल्या. "आरं माज्या कर्मा! माजं न्हवं! कोंबडीचं हाय ते! तिनंच घातलं, मी सोत्ता साक्षीला हाय! आन् रोज घालंल ती, लई गुनाची हाय! हिला कुनी हात लावला तर गाठ माज्याशी हाय, सांगून ठिवते!"

हौसानं रश्श्याचं खोबरं डब्यात ठेवलं.

महिपतीचे डोळे पाण्यानं भरले. गुणाबाईला काखेत घेऊन तो मामींच्या पाया पडला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मामी, केवढं मोठं मन तुमचं! हिचा जीव वाचावा म्हणून स्वतःचं अंडं हिच्या नावावर केलंत!"