साळवंडीची अर्धी चौकडी

धप्... टप् टप्. एक जड ठोका, मागून दोन हलके. नदीच्या पैल बाजूने आलेला हा आवाज कोंडाजी साळ्याने फार पूर्वी ऐकला, आणि त्या दिवसापासून साळवंडीच्या लुगड्यात लाल रंग फक्त उभा धावतो, असे सांगतात. गावात कुठल्याही मागावर जाऊन बघा. हिरवा आणि पांढरा उभाही जातो, आडवाही जातो. लाल मात्र आडवा जात नाही.

पूर्वी जात असे. कोंडाजी सूत रंगवायचा, उभे धागे मोजून लावायचा: बारा हिरवे, चार लाल, दोन पांढरे. त्याचा जिवलग हैबती मागावर बसून त्याच हिशेबाने आडवे धागे भरायचा. लालावर हिरवा पडला की रंग मळकट होई. पण लालावर लाल आला की तेवढा चौकोन निखाऱ्यासारखा फुले. तो चौकोन लांबून दिसला की लोक म्हणत, साळवंडीची लेक चालली. ही चौकडी नदीपार नेणार नाही, अशी दोघांनी सुताई देवीपुढे हळदीच्या हाताने शपथ घेतली होती म्हणे.

दर चैत्री पौर्णिमेला देवीला नवे लुगडे नेसवत. त्या वर्षी ते निम्मे विणून झाले आणि हैबती उठला. म्हणाला, "लाल सरत आलाय. रंगासाठी आलाच्या झाडाच्या मुळ्या घेऊन येतो. आठ दिवसांत परततो."

कोंडाजीने त्याला भाकरी बांधून दिली. आठाचे पंधरा दिवस झाले. पौर्णिमा पाच दिवसांवर आली. लोक म्हणाले, "कोंडाजी, तूच बस की मागावर." तो म्हणायचा, "एका लुगड्यात दोन हात नकोत. येईल तो. वाटेत पाय मुरगळला असेल." रोज सकाळी तो हैबतीच्या मागावरची धूळ पुसायचा.

मग एका सकाळी तो सूत धुवायला नदीवर गेला आणि पैल तीरावरच्या बेलघाट गावातून मागाचा तो ठोका आला. माणसाची चाल ओळखावी तसा साळी ठोका ओळखतो. ओले सूत दगडावर तसेच टाकून कोंडाजी कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेला.

बेलघाटच्या पाटलाने नवा माग घालून दिला होता. त्यावर हैबती बसला होता. पुढ्यात कापड ताणलेले, आणि त्यात लाल चौकोन फुललेले.

हैबतीने धोटा थांबवला. "बस. पाणी घे."

"मुळ्या मिळाल्या वाटतं," कोंडाजी म्हणाला.

हैबतीची मान खाली गेली. मग एकदम उसळून म्हणाला, "वीस वर्षं पाठ मोडली माझी, कोंडा. आणि बाजारात बाया काय म्हणतात? कोंडाजीची चौकडी दाखवा! इथं हिला हैबतीची म्हणतात."

"मला सांगायचं होतंस. मी गावभर दवंडी दिली असती तुझ्या नावाची."

"आता काय उपयोग?"

"माझं सोड रे. देवीचं लुगडं अर्धं राहिलंय."

हैबती उठला नाही. कोंडाजी आला तसा पाण्यातून परत गेला.

त्याने राहिलेले लुगडे स्वतः विणले. हात बसलेला नव्हता, काठ वाकडे आले. आडव्यात हिरवा भरला, पांढरा भरला. लाल सुताची कांडी हातात घेई आणि खाली ठेवी. पौर्णिमेला देवी ते लुगडे नेसली: निम्म्यात निखारे, निम्म्यात नुसत्या लाल रेघा. पुजाऱ्याने विचारले, "हे असं रे का?"

कोंडाजी म्हणाला, "उभा लाल माझा, तो घातला. आडवा ज्याचा, त्याने आणावा."

ते ऐकून गावातल्या साळ्यांनीही आपापल्या मागावर आडवा लाल सोडला. हैबती त्या वर्षी आला नाही, पुढेही आला नाही. म्हातारपणी त्याने मुलाच्या हाती लालाची एक कांडी पाठवली म्हणे. पण तोवर कोंडाजी राहिला नव्हता, आणि ती कुणी घ्यायची हे कुणालाच ठरवता आले नाही.

आजही चैत्री पौर्णिमेला बेलघाटचा कुणी एक जण लाल कांडी घेऊन येतो. देवळाच्या पायरीवर ठेवतो. तिला कुणी हात लावत नाही, त्याला कुणी टाकूनही बोलत नाही. एखादी बाई गूळ-पाणी आणून देते. तो पाणी पितो, जरा वेळ टेकतो, कांडी उचलतो, आणि नदीकडे चालू लागतो.