तिरपी आत्या

दिवसभर उंडारून आलात, आता गुमान पडा की! गोष्ट कसली मागता? गोष्टी सांगायचं काम तुमच्या आजीचं. ती बसलीय लग्नघरी पापड लाटत, आणि धोंड माझ्या गळ्यात. बरं, एकच सांगेन. मध्ये कुणी तोंड उघडलं की तिथंच बंद.

एका गावात सगळी माणसं म्हणजे रेघा आणि कोन. त्यांचा राजा होता काटकोन. पाठ भिंतीसारखी उभी, पाय जमिनीसारखे आडवे. जेवताना तसाच, झोपतानाही तसाच. राणी विशालकोन. ती आपली लोडाला ऐसपैस रेललेली. त्यांना झाली लेक. इवलीशी, चिमट्यासारखी मिटलेली. लघुकोन, बरं का.

राजाला एक थोरली बहीण होती, तिरपी नावाची. रेघच ती, पण उभी नाही, आडवी नाही, जरा कललेली. एकदा भरदरबारात राजा तिच्यावर खेकसला, "सरळ उभी राहा! वाकडी कुठली!" झालं. तिरपी जी उठली, ती डोंगराच्या उतारावर जाऊन राहिली.

मग आलं लेकीचं बारसं. घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. रिवाज असा, की दिवस मावळायच्या आत बाळ पाळण्यात घालायचं आणि आत्यानं कानात नाव सांगायचं. नाहीतर पोर जन्मभर बिननावाची.

राणी म्हणाली, "अहो, वन्संना आणा."

राजा म्हणाला, "तिच्यावाचून अडलंय माझं!"

पाळणा टांगायला दोन समांतर भाऊ उभे राहिले. जन्मभर शेजारी राहून ते कधी एकमेकांना भेटले नाहीत, म्हणून कधी भांडलेही नाहीत. वर एक आडवी रेघ, खाली एक. झाला चौकोन. पाळणा टांगला मात्र, चौकोन करकरत एका अंगाला लवंडला. राजा म्हणाला, "आणखी एक रेघ घ्या." झाला पंचकोन. तो जास्तच डुलला. मग केला षटकोन. तो तर भुईसपाट! पोर रडायला लागली. उन्हं उतरली. घुगऱ्या खाणारी एक म्हातारी रेघ म्हणाली, "महाराज, पोरीला काय 'अगं ए' म्हणून हाक मारायची?"

राजा तसाच उठला. तडक डोंगरावर गेला.

"ताई, चल." तिनं पाहिलंही नाही.

"ताई, पोर रडतेय." ती चुळबुळली, पण उठली नाही.

मग राजानं तिला नीट पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बहीण सुईसारखी सरळ होती. कलली होती, वाकली नव्हती. तो म्हणाला, "चुकलो गं. तू तिरपी आहेस. वाकडी नाहीस."

"एवढं म्हणायला डोंगर चढावा लागला होय रे तुला!" असं म्हणून ती त्याच्या आधी खाली पोचलीसुद्धा.

दिवस मावळायच्या आत पुन्हा चौकोन उभा केला. तिरपी आत शिरली आणि खालच्या कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून बसली. एका चौकोनाचे झाले दोन त्रिकोण. आणि त्रिकोण असा लवंडत नसतो, काड्या बांधून बघा हवं तर. पाळणा टांगला, करकर नाही की डुलणं नाही. तिरपीनं तिथूनच बाळाच्या कानात नाव सांगितलं, "बिंदुली." मग रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत दणादण धपाटे घातले. पाठ तसूभर वाकली नाही. राजाही एक धपाटा घालायला घुसला, आणि हसता हसता जन्मात पहिल्यांदा जरासा कलला. राणीनं ते बरोबर टिपलं.

पुढं बिंदुली मोठी झाली, सगळी सुखानं नांदली. ओढा पांघरूण, मिटा डोळे. 'चुकलो' म्हटलं म्हणून राजाचा मुकुट काही खाली पडला नाही. पण भर पारावर मला वाकडतोंड्या म्हणालेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द अजून निघत नाही. कोण म्हणून काय विचारता? शेजारचा केरबा लिंगाडे!