खाऱ्या भिंतीवरचे पाचजण

त्या मुलखात पाच रखवालदार होते आणि पाचही भिंतीवर होते. हाडामांसाचा एकही नव्हता.

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक बुटकी घळ होती आणि तिची भिंत खारट मातीची होती. आया चरायला गेल्या की वासरं, कोकरं, शिंगरं, पारडी त्या घळीत जमायची आणि भिंत चाटायची. त्याच भिंतीवर कुणीतरी कधीकाळी गेरूनं पाचजण काढले होते. फुटलेला बांध पाठीनं अडवणारा धडका त्यांच्यात सगळ्यांचा लाडका. बाकी चौघांत एक उडायची, एक लांबचं ऐकायचा, एकीला अंधारात दिसायचं आणि एक नुसता विस्तवावर उभा राहायचा. चाटता चाटता पिल्लांनी त्यांना बघितलं आणि मोठी होऊन घळीतून निघताना डोक्यात घेऊन गेली. परत कुणी गेलं नाही. आत शिरायला मोठ्यांना गुडघे टेकावे लागत, आणि गुडघे टेकायला मोठ्यांना सवड नसते.

एका वर्षी बगळ्यानं जाहीर केलं, की यंदा सुगी झाल्यावर खळ्यावर पाचजणांचा खेळ करायचा. आठ संध्याकाळी. चित्रं नाहीत, बाहुल्या नाहीत, जित्याजागत्या जनावरांनी करायचा. या बगळ्याला सगळे तात्या म्हणत. एका पायावर उभा राहून तो असल्या गोष्टी ठरवायचा आणि दुसरा पाय टेकला की पस्तावायचा.

मुलूख आनंदला. दोन दिवस आनंद टिकला. तिसऱ्या दिवशी कळलं, की धडक्याचं काम करडीला दिलंय.

करडी ही गाढवीण. बांधावर दगड वाहून तिच्या पाठीला दोन्ही बाजूंनी घट्टे पडले होते. मुलखाचा रिवाज असा, की खळ्यावर जो खेळ करील त्याच्या पाठीवर ओझं टाकायचं नाही, जन्मभर. पण खेळ पहिल्या संध्याकाळी टिकला पाहिजे. बघणाऱ्यांनी पाठ फिरवली, तर खेळही संपला आणि सूटही. करडीनं काम कशासाठी घेतलं हे कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

पाणवठ्यावर दुसरा विषय उरला नाही.

"धडका काळा होता," आक्का म्हणाली. आक्का म्हणजे मुलखातली सर्वांत थोरली म्हैस. "काळा कुळकुळीत, आणि आंब्याच्या झाडाएवढा. मी बघितलाय."

"काळा असंल, पण शिंगं वळलेली होती," एडका म्हणाला. "दोन-दोन वेढे. ही बोडकी काय अडवणार बांध?"

"शेपूट कसं होतं, ते बोला," घोडा म्हणाला.

कुत्र्यांनी तर भुंकून ठरवूनच टाकलं, की खेळ बिघडलाय. अजून एक पाऊल कुणी टाकलं नव्हतं, एक बोल कुणी बोललं नव्हतं, पण बिघडलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रेम आहे म्हणून बोलतो, असंही प्रत्येकजण म्हणत होता. ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर करडीला सोपं गेलं असतं.

तात्या घाबरला. आधी त्यानं करडीला कोळसा फासला, म्हणजे आक्का गप्प बसेल. मग लाकडाची शिंगं बांधली, म्हणजे एडका गप्प बसेल. शिंगं बांधल्यावर आक्का म्हणाली, "हा तर एडका झाला." कोळसा फासल्यावर एडका म्हणाला, "ही तर म्हैस झाली." आणि घोडा रोज येऊन मागून बघून जायचा.

आठवड्याभरानं करडीनं मान झटकून शिंगं पाडली.

"तात्या, मी वझं वाहायचं सोडायला हितं आले," ती म्हणाली. "तुम्ही दुसरं वझं लादताय. चला समद्यांनी भिंतीपाशी. भिंत दावील तसं मी नटते. आन् भिंतीवरचा माझ्यासारखा जराबी नसंल, तर उद्या सकाळी मी दगडाला लागते. पुन्हा तोंड दावणार नाही."

"हे बरं बोललीस," आक्का म्हणाली. तिला खात्रीच होती.

सगळे घळीकडे निघाले. वाटेत हसणं-खिदळणं चाललं होतं. ज्याला त्याला वाटत होतं, की आपलंच खरं ठरणार आणि बाकीच्यांची जिरणार. घळीपाशी आल्यावर हसणं थांबलं. तोंड इतकं बुटकं असेल असं कुणाच्या ध्यानात नव्हतं. एडका मान खाली घालून आत गेला. घोड्यानं बाहेरूनच डोकावलं. आक्काला पुढचे गुडघे टेकावे लागले, शिंगं तिरकी करावी लागली, तेव्हा कुठे तिची मान आत गेली.

आत धडका नव्हता.

भिंतीत एक खळगा होता. गुळगुळीत, ओलसर, पिढ्यानपिढ्या चाटून पडलेला. उडणारीचा एक पंख उरला होता, विस्तवावरच्याचा विस्तव उरला होता, कारण ते तितके लाडके नव्हते. धडक्याचे मात्र तळाला चार खूर तेवढे शिल्लक होते, गेरूचे, पुसट. कुणाचे ते सांगता येत नव्हतं. आणि ते सगळं मिळून आक्काच्या नाकपुडीच्या उंचीएवढं होतं, तेही गुडघे टेकल्यावर.

"हा एवढाच होता?" एडक्यानं विचारलं. कुणाला विचारलं, कळलं नाही.

आक्काची जीभ आपसूक बाहेर आली आणि त्या खळग्यात लागली. बरोब्बर बसली. तिनं ती पटकन आत घेतली आणि कुणी बघितलं का म्हणून डोळे फिरवले. एडका खाली बघत होता. त्याचीही जीभ बाहेर होती.

बाहेर करडी उभी होती. "काय दिसलं?" तिनं विचारलं.

"अंधार आहे आत," आक्का म्हणाली आणि वाटेला लागली.

म्हणजे निकाल लागला नाही. करडी आहे तशीच राहिली, आणि तात्यानं तिला फक्त गेरू लावला, खुरापासून कानापर्यंत.

पहिल्या संध्याकाळी खळं भरलं. झाडून सगळे आले होते, पण बसले नव्हते. पाठ फिरवायला उभं असलेलं बरं. आक्का सर्वांत पुढे होती, आणि तिच्या पायांत तिच्या लेकीची पारडी.

खेळात बांध फुटतो आणि धडका भगदाडात उभा राहतो. पाणी कुठून आणणार? तात्यानं दगड आणवले होते. एकेक दगड करडीच्या अंगावर लोटायचा आणि तिनं तो पाठीनं थोपवायचा. पहिला दगड आला. करडीनं पाय रोवले. दुसरा आला. तिनं गर्जना केली नाही, छाती काढली नाही. ओझं अंगावर आलं की काय करायचं एवढंच तिला येत होतं, आणि ते तिनं केलं. सातव्या दगडाला तिचे गुडघे थरथरले. गेरूतून घाम फुटला आणि पायांवरून ओघळायला लागला.

"धडका असा थरथरत नव्हता," कुत्रं म्हणालं. मागच्या बाजूला दोन-चार पाठी फिरल्या. घोडाही वळला. सगळे आक्काकडे बघत होते. ती वळली असती तर खळं रिकामं व्हायला वेळ लागला नसता.

तेवढ्यात पारडी सुटली. आक्काच्या पायांतून निघाली, खळ्याच्या मधोमध गेली आणि करडीच्या पुढच्या गुडघ्याला जीभ लावली. घाम खारट होता. पारडीनं डोळे मिटले आणि मन लावून चाटत राहिली.

करडी हलली नाही. आठवा दगड आला, तोही तिनं घेतला.

"आक्का, नातीला हाक मारा," एडका हळूच म्हणाला.

आक्कानं तोंड उघडलं, पण तोंडाला पाणी सुटलं होतं. तिनं ते गिळलं. मग तिनं पुढचे गुडघे टेकले आणि खाली बसली. ती बसल्यावर मागच्यांना नीट दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी खेळाच्या आधी तात्या गेरूचं भांडं घेऊन आला. करडीचं सगळं अंग लाल होतं, गुडघ्यावरचा एक वाटोळा ठिपका सोडून. तिथं गेरू पार निघाला होता. तात्यानं भांड्यात पीस बुडवलं.

करडीनं पाय मागे घेतला.

"तेवढं राहू द्या, तात्या," ती म्हणाली.