घरची खुर्ची

एकदा एका थकलेल्या शहराने पुन्हा उभे राहायचे मनावर घेतले. गिरण्या बंद पडून पंचवीस वर्षे झाली होती. आता नवे रस्ते आले, तळ्यातला गाळ निघाला, आणि लोकांना काय हवे ते लोकांनाच विचारावे म्हणून महापालिकेने एका वर्षाच्या फेलोशिपवर पाच तरुण नेमले. त्यांतला एक निनाद. वास्तुरचनेचे शिक्षण घेतलेला, चांगली नोकरी सोडून आलेला. तळमळ इतकी, की बोलताना त्याची वाक्ये एकमेकांवर आदळत.

त्याच्या वाट्याला गिरणीमागची वस्ती आली, आणि वस्तीची ओळख करून द्यायला सिस्टर आल्या. पालिकेच्या प्रसूतिगृहात एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. निम्मी वस्ती त्यांच्या हातावर जन्मली होती. त्यामुळे चांगल्या मिशीवाल्या माणसालाही त्या भर रस्त्यात ‘काय रे गुंड्या’ म्हणून हाक मारीत, आणि तो मुकाट थांबे.

वस्तीत गिरणीचे जुने पटांगण मोकळे पडले होते. तिथे झाडे, वाचनालय आणि मुलांना खेळायला जागा व्हावी, असा आराखडा निनादने जिवापाड मेहनत घेऊन काढला होता. अट एकच होती. रहिवाशांच्या सभेत निदान साठ जणांच्या सह्यांचा ठराव व्हायला हवा. नाहीतर एप्रिलअखेर पटांगणाचा वाहनतळ होणार होता.

पहिल्या सभेला अकरा माणसे आली. दुसरीला निनादने मांडव घातला, शंभर खुर्च्या मांडल्या, ध्वनिक्षेपक आणला, चहा ठेवला. माणसे आली, मागच्या रांगांत बसली आणि चहा होताच उठली. सह्या झाल्या चौदा.

“लोकांना काही पडलेलंच नाही, सिस्टर!” तो संतापून म्हणाला. “काय कमी केलं मी? सावली दिली, पंखे दिले, घरपोच पत्रकं दिली!”

“आणि मागितलंस काय?”

“सह्या!”

“हं,” म्हणून सिस्टर शेंगा सोलत राहिल्या.

तिसरी सभा शेवटची. रविवारी चारची वेळ. या वेळी निनादने दीडशे खुर्च्या सांगितल्या. तीन वाजता तो पटांगणात पोचला, तर तिथे मांडव नाही आणि खुर्ची तर औषधालाही नाही. त्याने मांडववाल्याला फोन लावला.

“साहेब, सकाळी सिस्टर येऊन गेल्या. म्हणाल्या, काही आणू नकोस. आता त्यांना नाही कसं म्हणू? माझ्या दोन्ही पोरी त्यांच्याच हातच्या.”

निनाद धावतच निघाला. दुसऱ्या गल्लीत एका दाराशी सिस्टर उभ्या होत्या.

“विमल, चार वाजता सभा आहे आणि बसायला काही नाही गं. घरची एक खुर्ची घेऊन ये. त्या पोराची पंचाईत झालीय.”

“आमच्या खुर्चीचा हात मोडलाय, सिस्टर.”

“बसायला हात लागतात होय तुला?”

विमल हसत आत गेली. निनादचा आवाज चढला. “सिस्टर, हे काय केलंत? शेवटची संधी होती!”

“म्हणूनच केलं. ओरडू नकोस, घसा जपून ठेव. पुढची गल्ली तुझी. भाषण करायचं नाही, पत्रक द्यायचं नाही. नुसती खुर्ची मागायची.”

दुसरा इलाजच नव्हता. लाजेने लाल होत त्याने दारे ठोठावली.

चारला पटांगणात कोणी नव्हते. सव्वाचारला विमल मोडक्या हाताची खुर्ची डोक्यावर घेऊन आली. मग लोखंडी घडीच्या खुर्च्या आल्या, वेताची आली, गिरणीच्या उपाहारगृहातले एक स्टूल आले. दोघा भावांनी अख्खी बाज उचलून आणली. सलूनवाल्या बापूंनी गिऱ्हाइकांचा लांब बाक आणला. रांगा कोणी केल्या नाहीत. भिंतीची सावली होती तिथे ज्याने त्याने आपले आसन टेकवले आणि आपोआप एक वेडेवाकडे कडे झाले.

“आणि साहेब, तुमची खुर्ची?” बापूंनी विचारले.

निनाद गोंधळला. त्याच्याकडे नव्हती.

“या मग. सरका रे, त्यांना जागा द्या.”

तो बाकाच्या टोकावर बसला आणि त्याने आराखडा मांडीवर उलगडला. तोच रिक्षावाले हमीदभाई म्हणाले, “झाडं लावाल हो, मग आमच्या रिक्षा काय फांदीवर टांगायच्या?”

हशा पिकला. गेल्या दोन सभांत हे कोणी बोलले नव्हते. विमल म्हणाली, भिंतीकडची पट्टी रिक्षांना द्या. बाजेवरचे आजोबा म्हणाले, वाचनालय त्या कोपऱ्यात नको, पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचते. निनादने पेन्सिल काढली. थोड्या वेळाने पेन्सिल त्याच्या हातात उरली नाही, ती कड्यातून फिरू लागली. मध्येच एक जण खुर्ची उचलून निघाला.

“काय रे, सिंहासन घेऊन कुठं?” मागून कोणी ओरडले. तो ओशाळून पुन्हा बसला.

साडेसहापर्यंत आराखडा ओळखू येईनासा झाला होता, आणि ठरावाखाली एक्याऐंशी सह्या होत्या.

माणसे आपापली आसने घेऊन पांगली तेव्हा निनाद सिस्टरांपाशी आला. “मला सकाळी सांगितलं असतंत तर?”

“तर तू खुर्च्या आणायला टेम्पो पाठवला असतास,” सिस्टर हसल्या. मग म्हणाल्या, “प्रसूतिगृहात दुपट्यांचा ढीग होता रे. तरी मी प्रत्येक सासूला सांगायचे, बाळाला गुंडाळायला घरचं जुनं लुगडं आणा. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवून बसलेल्या बायकाही घरी जायच्या, पेटी उपसायच्या, त्यातल्या त्यात मऊ लुगडं शोधायच्या, चार वेळा धुवायच्या. घेऊन येईपर्यंत नात त्यांची झालेली असायची. आम्ही आयतं दुपटं दिलं असतं, तर त्या भेटायला आल्यासारख्या बघून गेल्या असत्या. तुझा जीव मोठा आहे. सगळं तूच देत सुटतोस. मांडवातल्या खुर्चीवर माणूस पाहुणा असतो, बाळा. पाहुणा कशाला तुझ्याशी भांडेल?”

निनादने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तशी त्यांनी त्याच्या पाठीत एक हलका धपका घातला.

मे महिन्यात झाडांसाठी खड्डे खणायचे ठरले. पालिकेच्या भांडारात चाळीस कुदळी तयार होत्या. त्या तिथेच ठेवून निनाद सकाळी वस्तीत गेला आणि त्याने पहिले दार ठोठावले.

“घरात कुदळ आहे का हो?”

“होती खरी कुठेतरी. थांबा हं, शोधते.”

आत पलंग सरकवल्याचा आवाज आला, मग डबे, मग कोणाला तरी माळ्यावर चढायला सांगितलेले. बराच वेळ गेला. तो दारात उभा राहून ऐकत होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती.